इमेज बिल्ड कुठं करायची: उद्यमबागच्या ऑफिसातल्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

शुक्रवारी संध्याकाळी जे झालं ते आधी लिहून ठेवतो, कारण हे सगळं काम त्यातनंच सुरू झालंय. आमचं सॉफ्टवेअर फाउंड्रीत ट्रॉलीला अडकवायचे टॅग छापतं, त्यावर हीट नंबर (भट्टीतल्या एका ओतीचा क्रमांक), पार्ट नंबर, ग्रेड आणि खाली मराठी नि कन्नड दोन्हीत सूचना, कारण फ्लोअरवर दोन्ही वाचणारी माणसं आहेत. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका फाउंड्रीत हे सगळं रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्या कॉम्प्युटरवर चालतं. आमच्यातल्या खानापूरच्या पोरानं स्वतःच्या लॅपटॉपवर इमेज (सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) बिल्ड केली, रजिस्ट्रीत, म्हणजे इमेज ठेवायच्या ऑनलाइन कोठारात, लेटेस्ट म्हणून ढकलली, पायनं ती ओढून घेतली आणि कंटेनर, म्हणजे त्या इमेजमधनं चालणारं सॉफ्टवेअर, उभाच राहीना. लॉगमध्ये एकच ओळ, एक्झेक फॉरमॅट एरर. लॅपटॉपमध्ये इंटेलची चिप, पायमध्ये आर्मची, एकाची बायनरी दुसऱ्यावर चालणार कशी. एरवी आर्मची इमेज माझ्याच लॅपटॉपवरनं जायची, त्या दिवशी मी निपाणीला होतो.

मालक काकांचा फोन आला, "अरे टॅग येईनात, इकडं भट्टी तयार आहे, पोरं खडूनं नंबर लिहायलीत बघ." जुनी इमेज परत लावायला मला पाऊण तास गेला, कारण जुनी म्हणजे नेमकी कुठली हेच कळेना, सगळ्यांना लेटेस्टच नाव. तेवढ्यात पावसाच्या ओलीनं दोन ट्रॉल्यांवरचा खडू पुसला. ते कास्टिंग कुठल्या हीटचं हे सांगता येईना म्हणून काकांना दोन्ही ट्रॉल्यांचा माल परत तपासायला लावावा लागला.

आज सकाळी जाऊन माफी मागून आलो. काका रागावले नाहीत, शांतपणे म्हणाले, "हीट नंबर नसलेला माल मी गेटाबाहेर सोडत नाही. तुझ्या सॉफ्टवेअरला हीट नंबर काय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ठरलं ते असं: इथून पुढं कुणाच्याच लॅपटॉपवरनं इमेज जाणार नाही, माझ्या तर नाहीच. बिल्ड एका ठरलेल्या जागी होणार आणि ती जागा कुठली हे या महिन्यात ठरवायचं.

८ जुलै, मंगळवार

जागा शोधायच्या आधी काय शिजवायचंय ते तरी बघू म्हणलं. इमेज १.३ जीबीची. इमेज एकावर एक थरांनी बनते, डॉकर या इमेज बनवायच्या साधनाची हिस्टरी लावून एकेक थर बघत बसलो आणि दुपार कधी झाली कळलं नाही.

पहिली चूक वरच होती. डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची त्या सूचनांची यादी) आधी सगळं फोल्डर कॉपी आणि मग पिप इन्स्टॉल, म्हणजे पायथनच्या लायब्ऱ्या उतरवणं. बिल्ड करणारा एकेक सूचना घेतो, काही बदललं नसेल तर आधीचा थर तसाच वापरतो, पण एक थर बदलला की त्याच्या पुढचे सगळे परत करावे लागतात. म्हणजे कुणी रीडमीमध्ये एक ओळ बदलली तरी सगळ्या लायब्ऱ्या नव्यानं उतरायच्या. आता आधी फक्त रिक्वायरमेंट्सची फाइल कॉपी, मग इन्स्टॉल, आणि आपला कोड सगळ्यात शेवटी. काय वगळायचं ते सांगणारी डॉकरइग्नोर फाइल तर नव्हतीच, त्यामुळं गिटचं सगळं फोल्डर आणि टेस्टसाठी ठेवलेल्या जुन्या पीडीएफ इमेजमध्ये जात होत्या. कंपायलरही शेवटच्या इमेजमध्ये बसून होता, त्याचं तिथं काहीच काम नाही, म्हणून दोन टप्प्यांचं बिल्ड केलं, पहिल्यात कंपाइल, दुसऱ्यात नुसता तयार माल उचलून ठेवायचा.

बेस इमेज, म्हणजे जिच्यावर आपली इमेज रचतो ती तयार इमेज, स्लिम (कमीत कमी गोष्टींची) केली आणि तिथं एक गोष्ट घडली ती नीट लिहितो. बिल्ड यशस्वी, टेस्ट हिरव्या, आणि टॅगची पीडीएफ उघडली तर मराठीच्या जागी नुसते चौकोन, कन्नडच्या जागी पण चौकोन. स्लिममध्ये फॉन्ट नसतात. फॉन्ट्स-नोटो-कोअर टाकलं तसे दोन्ही लिप्या आल्या. पण अक्षरं येणं आणि जोडाक्षरं नीट लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते काम पँगो आणि हार्फबझ या लायब्ऱ्यांचं. म्हणून 'क्रमांक' हा शब्द मुद्दाम दोन्ही लिप्यांत छापून झूम करून बघितला. मराठीत क्र एकसंध आला. कन्नडात क्र लिहिताना र अक्षराच्या पायाशी बसतो, तोही जागेवर बसलेला. आमच्यातल्या निपाणीच्या ताईंना बोलावून दाखवलं, त्या कन्नड शाळेत शिकल्यात, त्या बराच वेळ बघून म्हणाल्या, "आता बरोबर आहे." ही तपासणी आता बिल्डचाच भाग केली, टेस्ट पीडीएफचं चित्र करून आधीच्या चांगल्या चित्राशी ताडून बघते आणि चौकोन आले तर बिल्ड फेल.

संध्याकाळी इमेज ४३० एमबीवर. नुसता कोड बदलला तर बिल्ड वीस सेकंदांत. हे आधी केलं ते बरं झालं, नाहीतर खराब डॉकरफाइलसाठी मोठं मशीन शोधत बसलो असतो.

१० जुलै, गुरुवार

तिघं बसून पर्याय काढले.

एक, होस्टेड सीआय, म्हणजे गिटहब ॲक्शन्सचे रनर, कोड ढकलला की आपोआप बिल्ड करणारी त्यांची मशीनं. कोड तिथंच आहे, फ्री प्लॅनवर खाजगी रेपोला (कोडच्या कोठाराला) महिन्याला २००० मिनिटं मिळतात आणि प्रत्येक जॉब पुढच्या पूर्ण मिनिटाला मोजला जातो, म्हणून दहा सेकंदांचे पाच जॉब केले तर पाच मिनिटं गेली. मशीन दर वेळी कोरं करकरीत, हा फायदाही आणि तोटाही.

दोन, ऑफिसातला जुना डेस्कटॉप, पडूनच आहे. सेल्फ होस्टेड रनर बाहेरच्या बाजूनं जोडणी करून काम मागत राहतो, त्यामुळं राउटरवर पोर्ट उघडायला लागत नाही. आपली इंटरनेट लाइन शेअर्ड आयपीवरची आहे, तरी चालेल.

तीन, क्लाउडमध्ये छोटं मशीन, बिल्डपुरतं चालू करायचं.

खानापूरच्या पोरानं चौथा सुचवला, पायवरच बिल्ड करूया, आर्मचा प्रश्नच मिटतो. मी नको म्हणलं. तो डबा गिऱ्हाईकाचा आहे, त्यात आपला सोर्स कोड आणि चाव्या ठेवणं बरोबर नाही, शिवाय एसडी कार्डवर बिल्डची लिहालिही म्हणजे कार्डाचं आयुष्य संपवणं.

निपाणीच्या ताईंचा प्रश्न चांगला होता: मेन सर्व्हरपण आर्मचाच घेतला तर दोन दोन प्रकारच्या इमेज कशाला लागतील? खरंय, एकाच आर्किटेक्चरवर राहता आलं तर निम्मं दुखणं कमी. पण दोन गिऱ्हाईकांकडं इंटेलचे जुने पीसी आहेत आणि ते बदला म्हणून आपण सांगू शकत नाही. हा विचार वहीत ठेवला, सोडून दिलेला नाही.

१४ जुलै, सोमवार

होस्टेड रनरवर पहिलं बिल्ड. एएमडी६४, म्हणजे इंटेलसाठीची इमेज, चार मिनिटांत, छान. आर्म६४ तिथंच क्यूएमूवर केलं, म्हणजे इंटेलच्या मशीनवर आर्मची नक्कल, प्रत्येक सूचनेचं भाषांतर होत होत चालणार. ३८ मिनिटं. मध्ये एक लायब्ररी सीमध्ये कंपाइल होते, त्या एका ओळीलाच सव्वीस. मी स्क्रीनकडं बघत बसलो होतो, पंखा चालू आहे की बंद तेही लक्षात आलं नाही.

हिशोब साधा आहे, दिवसाला दोन बिल्ड धरली तर महिन्याची मिनिटं आर्मच्या नकलेतच संपतील. गो भाषा असती तर क्रॉस कंपाइल करून सुटलो असतो, बिल्ड प्लॅटफॉर्म आपलाच ठेवून फक्त टार्गेट बदलायचं. पायथनमध्ये सी एक्स्टेन्शन आली की ते एवढं सरळ राहत नाही. जिथं तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) मिळतं तिथं नकलेचा त्रास जवळजवळ नाही, म्हणून त्या एका लायब्ररीची नवी आवृत्ती बघितली, तिचं आर्मचं तयार व्हील आहे. ती घेतली तर बिल्ड अकरा मिनिटांवर आलं. तरी नक्कल ती नक्कलच, एकदा अधेमधे सेगमेंटेशन फॉल्ट देऊन थांबली आणि परत चालवल्यावर गेली. असलं बिल्ड मला नको, जे परत चालवलं की नीट होतं त्यावर विश्वास कसा ठेवायचा.

१७ जुलै, गुरुवार

कॅशचा, म्हणजे तयार झालेले थर पुढच्या बिल्डसाठी जपून ठेवण्याचा दिवस. कोऱ्या रनरवर ८ जुलैच्या सगळ्या मेहनतीचा उपयोग शून्य, कारण आधीचे थर तिथं नसतातच. ते बाहेर कुठंतरी ठेवून दर वेळी आणावे लागतात.

आधी ॲक्शन्सचीच कॅश वापरली. रेपोमागं १० जीबी, सात दिवस कुणी हात लावला नाही तर ती नोंद जाते, आणि एका ब्रँचची कॅश शेजारच्या ब्रँचला दिसत नाही, मेनची मात्र सगळ्यांना दिसते. मोड मिन ठेवला तर फक्त शेवटच्या इमेजमधले थर जपले जातात, आपल्या दोन टप्प्यांच्या बिल्डमध्ये सगळा वेळ पहिल्या टप्प्यात जातो आणि नेमका तोच जपला जात नाही. अर्धा दिवस मी हेच शोधत होतो, कॅश आहे म्हणतंय आणि कंपाइल परत परत करतंय. मोड मॅक्स केला तेव्हा थांबलं.

दुसरं असंच. रन सूचनेला कॅश माउंट लावला की पिपच्या उतरवलेल्या फाइली बिल्डरकडं राहतात, लॅपटॉपवर याचा फार फायदा व्हायचा. पण तो माउंट बिल्डरच्या पोटात असतो, कॅश एक्स्पोर्टमध्ये जात नाही, म्हणून कोऱ्या रनरवर त्याचा काही उपयोग नाही. हे लिहून ठेवतोय कारण पुढं कुणीतरी म्हणेल, माउंट लावलाय की, मग स्लो का.

शेवटी कॅश रजिस्ट्रीतच ठेवली, इमेजशेजारी वेगळ्या टॅगखाली (हा कागदाचा टॅग नव्हे, रजिस्ट्रीतलं नाव). कुठलंही मशीन असो, तिथनं घेतं आणि तिथं ठेवतं. बिल्डची जागा बदलली तरी कॅश बदलायला नको, हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

२२ जुलै, मंगळवार

ऑफिसातला डेस्कटॉप तयार केला, उबंटू २४.०४, नवीन एसएसडी, रनर लावला. एएमडी६४ बिल्ड कॅश गरम असताना पंधरा सेकंद! डिस्क इथंच, थर इथंच, काही आणायचं नाही. पोरगा खूश, "दादा, मग हेच फायनल करूया की."

दुपारी खुशी उतरली. सहा बिल्ड झाल्यावर बेस इमेज ओढताना टू मेनी रिक्वेस्ट्स. डॉकर हब, म्हणजे तयार इमेजची सार्वजनिक रजिस्ट्री, लॉगिन न करता सहा तासांत १०० पुल (इमेज ओढणं) देतं आणि ते आयपीवर मोजतं. आमचा आयपी शेअर्ड, त्यामागं आणखी कोण कोण आहे देव जाणे, त्यांचे पुल आमच्या खात्यात. लॉगिन करून घेतलं की मोजणी आपल्या अकाउंटवर येते आणि २०० मिळतात, तेवढ्यानंच काम भागलं. तरी डेस्कटॉपवर पुल थ्रू मिरर पण उभा केला, रजिस्ट्रीचाच कंटेनर प्रॉक्सी मोडमध्ये, एकदा ओढलेलं परत बाहेरनं ओढायला नको. त्यात एक गोम आहे. मिररचा पत्ता डॉकर डेमनच्या (मागं सतत चालणारा डॉकरचा प्रोग्रॅम) फाइलमध्ये दिला होता, पण बिल्डएक्स या डॉकरच्या बिल्ड साधनाचा कंटेनर ड्रायव्हर स्वतःचा वेगळा बिल्डकिट (प्रत्यक्ष बिल्ड करणारं इंजिन) चालवतो आणि तो ती फाइल वाचत नाही, त्याला बिल्डकिटडीच्या टोमल फाइलमध्ये वेगळा पत्ता द्यावा लागतो. मिररच्या लॉगमध्ये एकही रिक्वेस्ट येईना तेव्हा हे समजलं.

डिस्कचंही बघावं लागतं. बिल्ड कॅश वाढतच जाते, कोणी झाडत नाही. त्याच टोमलमध्ये किती जागा ठेवायची ते घालून दिलं, चाळीस जीबी.

२५ जुलै, शुक्रवार

तीन दिवस पावसानं हात सोडलेला नाही. दुपारी पावणेदोनला लाइट गेली, यूपीएसनं बारा मिनिटं काढली, मग डेस्कटॉप बंद. बिल्ड रांगेत थांबलं, सेल्फ होस्टेडचा जॉब रनरची वाट बघत २४ तास थांबतो आणि मग फेल होतो. लाइट पाचला आली तर इंटरनेट नाही, दुसऱ्या गेटाच्या पुढं खोदकामात फायबर तुटलेली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरनं इमेज ढकलायला बसलो. बिल्ड पंधरा सेकंदांचं आणि ढकलणं चाळीस मिनिटांचं, कारण बेसचे थरपण नवीन होते.

त्याच वेळी मनात पक्कं झालं. बिल्ड किती वेगानं होतं हे मी मोजत होतो, आणि तारेवरनं काय जातं ते मोजलंच नव्हतं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी, अर्धा दिवस. फक्त मोजमाप लिहून ठेवलं: कोडचा थर ६ एमबी, लायब्ऱ्या १४०, फॉन्ट आणि पँगो ९०, बाकी बेस. फॉन्टचा थर लायब्ऱ्यांच्या आधी घेतला, तो वर्षातनं एकदा बदलेल.

४ ऑगस्ट, सोमवार

आज वेगाचं नाही, सुरक्षेचं काम. डेस्कटॉपवर बिल्ड करायला रनरच्या कंटेनरला डॉकरचं सॉकेट (डेमनला आज्ञा द्यायचं दार) माउंट करून दिलं होतं, सगळीकडं असंच करतात म्हणून. निपाणीच्या ताईंनी विचारलं, सॉकेट म्हणजे नेमकं काय दिलं आपण? नीट विचार केला तर उत्तर भीतीदायक आहे. ज्याच्या हातात ते सॉकेट, तो होस्टची सगळी डिस्क माउंट करून नवीन कंटेनर चालू करू शकतो, म्हणजे त्या मशीनचा रूट, पूर्ण मालकच झाला. रेपोत ब्रँच ढकलता येणाऱ्या कुणालाही, किंवा एखाद्या बिघडलेल्या लायब्ररीच्या इन्स्टॉल स्क्रिप्टला हे जमेल. आणि त्याच डेस्कटॉपवर आमच्या हिशोबाचा बॅकअप आहे. मी लगेच उठून तो बॅकअप दुसरीकडं हलवला, मग बाकीचं.

डॉकरच्या आत डॉकर हा दुसरा रस्ता, त्याला प्रिव्हिलेज्ड लागतं, तेही फार वेगळं नाही. कॅनिको मला पूर्वीपासून माहीत होतं, डेमनशिवाय कंटेनरमध्येच बिल्ड करतं, पण त्याचा मूळ गुगलचा रेपो या जूनमध्येच आर्काइव्ह झालाय, आता नव्यानं त्याच्यावर घर बांधायला नको. बिल्डाह नावाच्या साधनाला डेमन लागत नाही, साध्या युजरनं चालतं, ते दोन तास वापरून बघितलं, चांगलं आहे, पण आमची रजिस्ट्री कॅश आणि माउंट सगळं बिल्डकिटच्या पद्धतीनं लिहिलेलं. म्हणून रूटलेस, म्हणजे रूटच्या हक्काशिवाय चालणारं, बिल्डकिट.

ते सरळ उभं राहिलं नाही. उबंटू २४.०४ वर साध्या युजरला युजर नेमस्पेस (स्वतःपुरती वेगळी खोली) करायला ॲपआर्मर, उबंटूची सुरक्षा यंत्रणा, अडवतं. नेटवर सगळीकडं एकच उपाय लिहिलेला, ती अट पूर्ण मशीनवर बंद करा. ते मी केलं नाही. रूटलेसकिटपुरता ॲपआर्मरचा वेगळा प्रोफाइल लिहिला, तेवढ्यालाच परवानगी. तास दीड तास जास्त गेला, जाऊदे. दाराला कुलूप लावून चावी बाहेर खिळ्याला अडकवायची नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आर्मसाठी एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये टी४जी मशीन घेतलं, ग्रॅव्हिटॉन चिपचं, खरंखुरं आर्म. त्यावर रूटलेस बिल्डकिट टाकलं, प्रोफाइल तयारच होता. आर्म६४ बिल्ड कॅशशिवाय तीन मिनिटं चाळीस सेकंद, कॅशसकट पंचवीस सेकंद. नकलेवरची अकरा मिनिटं कुठं आणि हे कुठं. सेगमेंटेशन फॉल्ट तेव्हापासून एकदाही नाही.

आता दोन जागी दोन इमेज होतात, त्या एका नावाखाली आणायच्या. प्रत्येक बिल्ड टॅगशिवाय नुसत्या डायजेस्टनं (इमेजच्या आतल्या मालावरनं निघणारा ठसा) रजिस्ट्रीत ढकलतं, आणि दोन्ही झाल्यावर तिसरा छोटा जॉब इमेजटूल्सनं दोन डायजेस्टची एक यादी करतो आणि तिला टॅग देतो. पाय ती यादी बघतो आणि आपल्या जातीची इमेज उचलतो. एकच बिल्ड झालं आणि दुसरं पडलं तर टॅग लागतच नाही. त्या शुक्रवारी असं असतं तर पायनं काही ओढलंच नसतं आणि ट्रॉलीचे टॅग छापत राहिला असता.

मशीन चोवीस तास चालू ठेवायचं नाही. जॉब सुरू झाला की चालू, वीस मिनिटं काम नसलं की बंद. टी मालिकेत सीपीयू क्रेडिट असतात, लांब बिल्ड सतत चालवलं तर जास्तीचं बिल येऊ शकतं, म्हणून बजेटचा अलार्म लावला. डिस्कवरची कॅश मशीन बंद केलं तरी राहते, पण मी त्या डिस्कवर विसंबत नाही. गुरुवारी मुद्दाम ते मशीन उडवून दिलं आणि स्क्रिप्टनं नवीन उभं केलं, नऊ मिनिटं लागली, रजिस्ट्रीतनं कॅश आली आणि काम चालू.

एएमडी६४ होस्टेड रनरवरच ठेवलं. ऑफिसचा डेस्कटॉप बिल्डमधनं काढला. पोराला वाईट वाटलं, त्यानं स्वतः त्यात एसएसडी बसवली होती. मिरर म्हणून तो राहणार आहे, आमच्या रोजच्या लोकल कामाला त्याचाच उपयोग जास्त.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज बिल्ड पडलं आणि आम्ही काहीच बदललं नव्हतं. सिस्टीम पॅकेजच्या यादीतलं एक नाव सापडेना म्हणे. कॅश जुनी झाली असेल, मिरर बिघडला असेल, सगळं बघितलं. शेवटी एरर नीट वाचली, त्यात ट्रिक्सी हा शब्द होता.

आमच्या बेस इमेजच्या खाली असतं त्या डेबियन लिनक्सची १३ वी आवृत्ती ९ ऑगस्टला आली, ट्रिक्सी. आमच्या डॉकरफाइलमध्ये पायथन ३.१२ स्लिम एवढंच लिहिलेलं. तो टॅग काल परवापर्यंत बुकवर्मवर (डेबियन १२) होता, आता ट्रिक्सीवर गेला, आणि एका लायब्ररीचं जुनं नाव तिथं उरलेलं नाही. चूक कुणाचीच नाही, तो टॅग सरकणाराच आहे. पडलं म्हणून कळलं तरी. पडलं नसतं तर खालचा अख्खा डेबियन बदललेली इमेज फाउंड्रीत गेली असती आणि आम्हाला पत्ता नसता.

काकांचा प्रश्न आठवला. हीट नंबर म्हणजे नुसता आकडा नव्हे, त्या ओतीत कुठलं भंगार, कुठलं पिग आयर्न, किती सिलिकॉन गेलं हे त्यावरनं मागं शोधता येतं. आमचं तसं नव्हतंच. आता बेस इमेज स्लिम-बुकवर्म आणि पुढं शा२५६ डायजेस्ट, म्हणजे तोच माल, अक्षरही इकडंतिकडं नाही. पायथनच्या लायब्ऱ्या हॅशसकट लॉक. इमेजवर रिव्हिजनचं लेबल, त्यात गिट कमिट (कोडच्या त्या बदलाचा नंबर). आणि लेटेस्ट हा टॅग रजिस्ट्रीतनं काढूनच टाकला, आता तारीख आणि कमिट मिळून टॅग होतो, पायवर तर थेट डायजेस्टनंच लावतो.

डायजेस्ट बांधून ठेवला की सुरक्षेचे सुधारही आपोआप येत नाहीत, हे मान्य. म्हणून दर सोमवारी एक जॉब नवीन डायजेस्ट बघून पुल रिक्वेस्ट (बदल घ्यायची विनंती) टाकतो, माणूस बघतो आणि मग घेतो. ट्रिक्सीवर जायचंय, पण आपण ठरवू तेव्हा, आणि 'क्रमांक'ची टेस्ट पास झाल्यावर.

२० ऑगस्ट, बुधवार

जुन्या इमेजची डॉकर हिस्टरी बघताना आमच्या खाजगी पॅकेज सर्व्हरचं टोकन उघडं दिसलं. बिल्ड आर्ग्युमेंटमधनं दिलेलं, आणि ते रन सूचनेसोबत इतिहासात छापलं जातं. ही इमेज तीन गिऱ्हाईकांच्या मशीनवर आहे. टोकन तासाभरात रद्द केलं, नवीन काढलं, जुन्या इमेज रजिस्ट्रीतनं काढल्या, तिन्ही गिऱ्हाईकांना फोन करून स्वतः सांगितलं. आता सीक्रेट माउंट, त्या एका ओळीपुरतं फाइल म्हणून दिसतं आणि कुठल्याच थरात उतरत नाही. हे मला जुलैमध्येच दिसायला हवं होतं, मी थरांचा आकार बघत होतो, त्यात काय लिहिलंय ते वाचत नव्हतो.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. आजपासून विसर्जनापर्यंत फाउंड्रीत काही बदलायचं नाही असं ठरलं, निम्मी माणसं गावाला, मंडळाची कामं, कुणाला बोलावणार.

जाता जाता एक: ताईंना रजिस्ट्रीत अननोन स्लॅश अननोन नावाची तिसरी चौथी नोंद दिसली, त्या घाबरल्या. ती इमेज नाही, बिल्डएक्स आपणहून प्रोव्हेनन्सची नोंद जोडतो, कुठल्या सोर्समधनं कसं बिल्ड झालं त्याची. ठेवायची, काढायची नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज परीक्षा घेतली. मी लॅपटॉप बंद करून बाजूच्या टेबलावर बसलो आणि ताईंना सांगितलं, समजा मी नाही, मुंबईचं मशीन गेलंय, आणि काकांना टॅगवर एक नवीन रकाना हवाय. खरंच हवा होता, कडकपणाचा आकडा, त्यांनी गणपतीच्या आधीच मागितलेला.

ताईंनी बदल केला, ब्रँच ढकलली. स्क्रिप्टनं मशीन उभं केलं. एका ठिकाणी अडल्या, मशीन चालू करायची परवानगी फक्त माझ्या अकाउंटला होती. ती तिथल्या तिथं टीमच्या रोलला दिली आणि नोंदवलं. रजिस्ट्रीतनं कॅश आली आणि दोन्ही बिल्ड झाली. यादी झाली, टॅग लागला.

मग तिघं फाउंड्रीत गेलो. पायनं इमेज ओढली, बेस, फॉन्ट आणि लायब्ऱ्यांचे थर आधीच होते असं तो सांगत गेला आणि फक्त शेवटचा ६ एमबीचा उतरला, फाउंड्रीच्या साध्या लाइनवर काही सेकंदांत. प्रिंटरनं पहिला टॅग बाहेर सोडला. काकांनी चष्मा लावून वाचला, वर हीट नंबर, मध्ये नवीन रकाना, मराठी, कन्नड. मग टॅगच्या अगदी खाली बारीक अक्षरात सात अक्षरी कमिट नंबर होता त्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"आमचा हीट नंबर, काका."

त्यांनी तो टॅग ट्रॉलीला अडकवला आणि पोराला दुसरी ट्रॉली आणायला सांगितलं.